तपन, अवकाळी आणि वणव्याचा धूर: नागपूरकरांनो, आठवणी लिहा

पळसबन

परवा रात्री लाइट गेली म्हणून स्लॅबवर गेलो तर धुराचा वास. कचऱ्याचा नाही, टायरचा नाही, सागाचा वाळका पाला जळतो त्याचा. आम्ही काटोल रोडला राहतो, गोरेवाडा जवळ, पण तिकडे काही दिसत नव्हतं. कुणीतरी शेताचे धुरे, म्हणजे बांध, पेटवले असतील. त्या वासाने मात्र मला थेट सेमाडोहला नेऊन टाकलं.

बाबा वनखात्यात होते, माझं लहानपण मेळघाटात गेलं. आमच्या घरी कॅलेंडरवर सणांपेक्षा १५ फेब्रुवारी महत्त्वाची, कारण तिथून आगीचा हंगाम सुरू, तो १५ जूनपर्यंत. त्याआधी जाळरेषा काढून व्हायला हव्यात, म्हणजे जंगलात पट्टे साफ करून ते आपणच जाळून ठेवायचे, की आग आली तरी पलीकडे जाऊ नये. पट्टा जाळून झाला की बाबा राखेजवळ तळहाताची मागची बाजू धरून चालत जायचे, कुठे ऊब लागते का बघत. हंगामात घरी असले तरी जेवायला दाराकडे तोंड करूनच बसत.

रात्री समोरच्या उतारावर लाल रेघ दिसायची, वाकडीतिकडी, मध्येच तुटलेली. आई ती बघायची आणि बाबांची भाकरी झाकून ठेवायची. शहरातल्या लोकांना वाटतं वणवा म्हणजे झाडं शेंड्यापर्यंत धडाधडा पेटतात. आपल्या पानगळीच्या जंगलात बहुतेक वेळा आग जमिनीवरूनच सरकते, पाला खात. मोठा साग वाचतो, त्याच्याखालची रोपटी जातात. विझवायला काय, तर ओल्या फांद्या. हल्ली पाला उडवायचे ब्लोअर आलेत. काम जास्त करून रात्री, कारण वारा पडलेला असतो. सकाळी शाळेत जाताना सगळा धूर दरीत बसलेला असे. खाली रात्रीची गार हवा, वर उबदार थर, मग धूर उठणार कसा? ऊन चांगलं तापलं की तो वर जायचा, तोवर आमचे डोळे लाल.

आणि मग मे महिन्यातली ती दुपार, चारच्या सुमारास काळं करून येणारी. बाबांना तो पाऊस हवाही असे आणि नकोही. आधी नुसता वारा सुटतो, विजा कडाडतात, पाण्याचा थेंब नाही, आणि आतून धुमसणारी खोडं पुन्हा पेट घेतात.

तर लिहा. तपन, वादळ, धूर, काहीही. विषय सोडू नका म्हणणार नाही, तसंही कोण ऐकतं.

सावजी_रस्सा

हजेरी लावून ठेवतो. कूलरमध्ये पाणी भरून राहिलो, नळ जायच्या आत. सविस्तर रात्री.

इतवारीची_सून

वादळ म्हटलं की मला फक्त वाळवण आठवतं. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, सासूबाईंनी छतावर धापोडे, सरगुंडे, कुरड्या, सगळं एकाच दिवशी घातलेलं. आठ नऊवारी पातळं पसरलेली, चारी कोपऱ्यांवर विटा. साडेतीनला पश्चिमेकडून पिवळं आभाळ. धुळीचा लोट आला तो असा की विटेसकट पातळ उचललं आणि शेजारच्या टाकीवर नेऊन टाकलं. सासूबाई ओरडताहेत, "कुरड्या राहू दे, पातळ धर!" नंतर तासभर आम्ही तिघी जावा लोकांच्या गच्च्यांवरून धापोडे गोळा करत होतो. शेजारच्या काकूंनी त्यातले थोडे तळूनही खाल्ले, आणि वर मीठ कमी आहे म्हणाल्या 😀

मुक्काम_पुणे

इकडे ४१ झालंय. मरतोय आम्ही.

बर्डीवाला

@मुक्काम_पुणे ४१ ला आमच्याकडे स्वेटर शोधतात बे. २३ मे २०१३ ला ४७.९ होतं नागपुरात. मी तेव्हा बर्डीवर दुकानात कामाला. शटरला हात लावला की चटका बसे, म्हणून लोखंडी आकडा ठेवला होता ओढायला. दुपारी गिऱ्हाईक नाही, रस्त्यावर कुत्रं नाही. एक रसवंतीवाला तेवढा होता, तो पण हातगाडीखाली झोपलेला.

आणि तो ५६ वाला दिवस कोण विसरलं? मे २०२४ ची अखेर. पुण्या-मुंबईचे सगळे नातेवाईक फोन करून राहिले, जिवंत आहात का म्हणून. मग हवामान खात्याने सांगितलं की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. माझा साळा अजून ऐकत नाही, म्हणतो दाबून टाकलं.

मुक्काम_पुणे

मूळचा धंतोलीचाच आहे हो मी, टोमणे मारू नका. पण इथे कूलर चालत नाही, हवा दमट. तिथली कोरडी तपन परवडली.

काटोलकर

धूर वगैरे ठीक आहे, आम्हाले भीती गारांची. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारी, संत्री फेब्रुवारी-मार्चात तोडणीला येतात आणि नेमका तेव्हाच अवकाळी. इकडून बंगालच्या उपसागराचं दमट वारं, तिकडून उत्तरेचं कोरडं, दोघांची गाठ विदर्भावर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते का कोणाले? सकाळी बागेत गेलो तर झाडाखाली फळांचा सडा आणि जे वर लटकून होतं त्यालाही एका बाजूने खळगे. व्यापारी आला, एक फळ उचललं, अंगठ्याने खळगा दाबला, खाली ठेवलं आणि काही न बोलता गाडीत बसला.

विजांचं म्हणाल तर आता दामिनी ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं. जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगते. आमच्या गावात पोट्ट्यांच्या फोनमध्ये आहे, पण बकऱ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुठून यावं. तो अजूनही ढग आले की झाडाखाली जाते. सांगून सांगून थकलो.

रानवाट

पळसबन, तुमच्या बाबांचं वाचून बरं वाटलं. मी गेली बरीच वर्षं भंडारा-गोंदियाकडे जंगलालगतच्या गावांत काम करते. वणवा आपोआप लागतो, बांबूवर बांबू घासून पेटतो, हे ऐकून ऐकून कान किटले. जवळपास सगळ्या आगी माणसाच्या हातच्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, पहाटे. वाळक्या पाल्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. पेटवणारी बाई वाईट नसते, तिला सात वाजायच्या आत टोपली भरायची असते, नंतर ऊन होतं आणि गुरं, हरणं फुलं खाऊन जातात. पण ती टोपली घेऊन घरी जाते आणि आग मागे राहते. मग तेंदूपत्ता, विडीचं पान. जळलेल्या जागी नवा कोंब लुसलुशीत येतो, अशी समजूत, म्हणून तिथेही काडी.

काही गावांत मोहाखाली जाळी बांधून बघितली, फूल जमिनीवर पडतच नाही. चांगली चालते, ज्यांच्याकडे जाळी आहे तिथे.

आता उपग्रहावरून आग दिसली की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून मेसेज येतो. मेसेज आल्यावर तिथवर चालत जायचं काम मात्र माणसालाच. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर गेले. तेव्हापासून मला "वणवा आटोक्यात" ही बातमी नुसती वाचता येत नाही, कोणी आणला आटोक्यात, हे आधी मनात येतं.

पळसबन

@रानवाट हो. बाबांच्या हाताखालचे मजूर चप्पल घालून जायचे आगीवर. रबरी चप्पल तळाशी मऊ व्हायची. एकाची चिकटली होती. जास्त लिहीत नाही.

इतवारीची_सून

बापरे. माझं कुरड्यांचं मध्येच आलं, क्षमस्व.

रानवाट

अहो काय क्षमस्व, मी ते वाचून मोठ्याने हसले. मीठ कमी आहे म्हणे!

आजोबा_ऑनलाइन

मी टंकायला हळू आहे, सांभाळून घ्या. २०२२ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो, न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला. वाळवंटच, पण उंचावरचं, दीड हजार मीटरच्या वर, आणि पूर्वेला सँडिया पर्वत. विमानतळावरून घरी पोचलो, छपराकडे बघतो तर काय, कूलर! ही म्हणाली, अहो आपण नागपूरहून निघालोच नाही. हवा कोरडी म्हणून तिकडे अनेक घरांवर छपरावरच कूलर बसवलेला असतो, गारवा नळीतून खोल्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाळी हवा आली की तो निकामी, अगदी आपल्या जूनसारखा.

त्याच वेळी उत्तरेकडच्या डोंगरांत मोठी आग चालू होती, हर्मिट्स पीक आणि काफ कॅन्यन या दोन आगी एक होऊन. ३ लाख ४१ हजार एकरांवर पसरली, त्या राज्यातली नोंदवलेली सर्वांत मोठी. वारा फिरला की धूर. सूर्य तांबडा, घसा खवखवतो, हिला दमा. लेक म्हणाली, बाबा कूलर बंद करा. मला कळेना. मग लक्षात आलं, कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे सगळा धूर घरात. उकडून घ्या नाहीतर धूर खा, असा प्रकार. जावयाने चौकोनी पंख्याला मागून जाड फिल्टर चिकटवला, खिडक्या लावल्या, आणि आम्ही चौघे एका खोलीत पत्ते खेळत बसलो.

पळसबन यांनी जाळरेषेचं लिहिलं म्हणून सांगतो. त्या दोन्ही आगी तिथल्या वनखात्याने मुद्दाम लावलेल्या जाळातूनच निघाल्या. एक वाऱ्याने हाताबाहेर गेली. दुसरी म्हणजे हिवाळ्यात पेटवलेले लाकडांचे ढीग, ते विझले असं धरलं होतं, पण बर्फ पडूनही आत धुगधुगी राहिली आणि एप्रिलमध्ये वर आली. पुढे पाऊस आला तर जळक्या उतारांवरून राखेचा चिखल नदीत, आणि लास वेगास गावाला पिण्याच्या पाण्याची पंचाईत. (जुगारवालं नव्हे, ते नेवाडात. मीही आधी दचकलो होतो.)

पळसबन

आजोबा, बर्फाखाली? बाबांना आज फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, "हात लावून बघितला नसेल कोणी."

बर्डीवाला

बाबा रॉक्स 🙏

सदर_सिस्टर

ड्युटीवरून लिहितेय, घाईत. दरवर्षी हेच बघते म्हणून: ऊन लागलेल्या माणसाला कांदा हुंगवत घरी ठेवू नका. अंग भट्टी झालंय, असंबद्ध बोलतोय, झोक जातोय, की लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणजे ऊन लागलं नाही, असं नसतं. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी तर नकोच, हा ताप त्या जातीचा नाही. खिशात कांदा ठेवायला माझी हरकत नाही, भजी करता येतील.

आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून लोखंडी बॉडीला हात लावून काय होतं, ते आम्ही दर उन्हाळ्यात बघतो.

सावजी_रस्सा

रात्री लिहितो म्हटलं होतं, आता सिस्टरचं वाचून पहिले प्लग काढून आलो.

माझं छोटंसं. लहानपणी महालात (नागपूरची वस्ती, राजवाडा नव्हे) आम्ही सगळी भावंडं स्लॅबवर झोपायचो. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारायचं, वाफ निघायची, मग गाद्या. रात्री दोनला विजा सुरू. आजी उठायची, आभाळाकडे बघून म्हणायची, "येत नाही, झोपा." पाचव्या मिनिटाला धोधो. गाद्या घेऊन जिन्यात चेंगराचेंगरी, मी सर्वांत लहान म्हणून माझ्या डोक्यावर उशा. आजीचा अंदाज एकदाही बरोबर आला नाही पण विचारायचं तिलाच.

नवी_नागपूरकर

मी नाशिकहून आले आहे, पहिलाच उन्हाळा. नवतपा म्हणजे नक्की काय? ऑफिसात सगळे त्याचं नाव घेऊन घाबरवतात. आणि शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद? बाकीकडे तर मध्यालाच सुरू होतात.

बर्डीवाला

सूर्य रोहिणीत जाते, २५ मे च्या आसपास, तिथून नऊ दिवस. तेव्हा तापलं नाही तर पाऊस लांबते म्हणतात. कधी कधी त्याच दिवसांत वादळ येऊन सगळं गार होते, मग म्हातारे लोक नाराज.

शाळेचं म्हणाल तर विदर्भात हे असंच. पोट्टे खुश, आया हैराण.

नवी_नागपूरकर

धन्यवाद. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावाव्या की ते लाकडी भुश्याचं गवत? घरमालक म्हणतात गवत पुरे.

इतवारीची_सून

घरमालक म्हणणारच 😀 वाळा घ्या. महाग पडतो पण पहिलं पाणी पडलं की घर दरवळतं. नवीन ताटीचं लाल पाणी निघतं दोन दिवस, घाबरू नका, फक्त खाली पांढरं काही वाळत घालू नका.

काटोलकर

@आजोबा_ऑनलाइन तिकडे संत्री काय भाव होती?

आजोबा_ऑनलाइन

विचारलं होतं. लेकीने सांगितलं नाही, म्हणाली बाबा तुम्ही गुणाकार करता.

मुक्काम_पुणे

माझ्याकडे धंतोलीच्या घरात एक लोखंडी कूलर पडून आहे, तीन फुटी, मोटर चालू, पत्रा एका बाजूने गंजलाय. कोणाला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्वतः उचलून न्यावा लागेल.

सावजी_रस्सा

स्टँड आहे का सोबत?