भ्रष्टाचार म्हणजे फक्त पैसे खाणं का?

धरमपेठकर: सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर मित्राशी वाजलं. त्याच्या मते भ्रष्टाचार म्हणजे लाच, विषय संपला. मला ते पटत नाही. मूळ धातू 'भ्रंश्', म्हणजे घसरणं, खाली पडणं. अपभ्रंश त्यातलाच. गीतेतला योगभ्रष्ट (६.४१) काही लाचखाऊ नव्हे, वाटेवरून घसरलेला साधक. त्याला तर पुढचा जन्म चांगल्या घरी मिळतो! मग वशिल्यानं पोराला चिकटवणारा, पेपर फोडणारा, हेही भ्रष्टाचारीच. एवढा मोठा शब्द आपण टेबलाखाली कोंबला.

इतवारीवाला: काऊन ताणून राहिले भाऊ? फेरफारासाठी चार चकरा झाल्या माह्या. बाबूचा ड्रॉवर वीतभर उघडा, नजर फायलीत. तिथं धातू सांगू का मी त्याले? सरळ 'पैसे खाते' म्हणा ना. १९८८ च्या कायद्याचं नाव भ्रष्टाचार प्रतिबंधक, पण धाड टाकणारं खातं लाचलुचपत प्रतिबंधक. त्यांचा तक्रारीचा १०६४ नंबर लावणाऱ्याले बरोबर समजते. संस्कृत शब्द लावला का खाणाऱ्याच्या शर्टाले इस्त्री झाल्यासारखी वाटते.

जुना वाचक: कौटिल्यानं सरकारी धन लाटायचे ४० प्रकार मोजले. त्यांना म्हणतो 'हरणोपाय'. चोरीला चोरीच म्हटलंय.

इंदोऱ्याची नात: घसरण्याची चर्चा छान आहे, पण मराठीत 'भ्रष्ट' कुणाला म्हणत होते ते कोणीच काढलं नाही. माझे आजोबा एका कचेरीत शिपाई होते. एकदा कारकुनाच्या माठाला त्यांचा हात लागला. माठ 'भ्रष्ट झाला' म्हणून त्यांच्यासमोर फोडला, खापऱ्याही त्यांनाच उचलायला लावल्या. त्याच कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये रोज नोटा पडायच्या. त्याला शब्द होता 'वरकमाई'. १९२७ ला महाडचं चवदार तळं शेण-गोमूत्र ओतून शुद्ध केलं, ते कुणी पैसे खाल्ले म्हणून नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा दीक्षाभूमीवर होते. पण माठ म्हटलं की शेवटपर्यंत गप्प व्हायचे.

धरमपेठकर: ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धातू बघितला, माठ नाही. तरी शब्द टाकून देऊ नये असं वाटतं. 'वरकमाई'ला आज आपण भ्रष्टाचार म्हणतो, म्हणजे शब्द माठावरून ड्रॉवरवर आला. हे चांगलंच झालं की.

इंदोऱ्याची नात: आला, पण अर्धाच. 'जात भ्रष्ट केली' म्हणणारे अजून भेटतात, लग्नाच्या बोलणीत तर हमखास.

जुना वाचक: जाता जाता, 'भृष्ट' वेगळा. म्हणजे भाजलेलं. फुटाणे भृष्ट, खाणारा भ्रष्ट.

इंदोऱ्याची नात: माठ भ्रष्ट झाला तर फोडायचे. ड्रॉवरचं काय करायचं?

इतवारीवाला: फोडा ना! पण माहा फेरफार झाल्यावर.