इमेजमध्ये ठरलेला पासवर्ड ठेवावा, की खातं लॉकच करून द्यावं?

रात्रपाळी: ऑपरेटिंग सिस्टिमच्या इमेजमध्ये, म्हणजे कार्डावर किंवा डिस्कवर जशीच्या तशी उतरवायच्या तयार प्रतीत, सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड घालून देणं बंद व्हायलाच हवं. रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं 'पाय' हे युजरनेम आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड होता. एप्रिल २०२२ मध्ये तो एकदाचा गेला. २०१६ साली मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले, ते साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी आळीपाळीने लावून पाहून. त्यात कुलूप फोडायची वेळच आली नाही, किल्ल्या आपणच वाटल्या होत्या.

टर्मिनलप्रेमी: पटत नाही. माझ्या लिनक्स सर्व्हरवर एफएसटॅबमधली (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली) एक ओळ चुकली आणि तो इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अर्धवट सुरू झालेल्या अवस्थेत, जाऊन थांबला. स्क्रीनवर काय, तर रूट (सर्वाधिकारी) खातं लॉक असल्यामुळे कन्सोल, म्हणजे मशीनचा स्वतःचा स्क्रीन-कीबोर्ड, उघडता येत नाही! नेटवर्क सुरू झालेलं नाही, म्हणजे एसएसएच की (पासवर्डाऐवजी दुरून लॉगिन करायची किल्ली-फाइल) असून नसल्यासारखी. त्यापेक्षा पासवर्ड द्या आणि पहिल्या लॉगिनला बदलायला लावा. उबुंटू लिनक्सच्या पाय इमेजमध्ये तसंच केलं होतं.

रात्रपाळी: पण पहिलं लॉगिन तुमचंच असेल कशावरून? एसएसएच उघडं असेल, तर तुमच्या आधी दुसराच कोणी आत शिरून पासवर्ड बदलेल. आणि कन्सोलसमोर बसलेल्या माणसाला ग्रबमधून (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरमधून) इनिट, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, बदलून शेल, म्हणजे कमांड द्यायची जागा, मिळवता येतंच की.

टर्मिनलप्रेमी: ग्रबला पासवर्ड नसेल तर. शिवाय ही युक्ती नवशिक्याला कोण सांगणार?

शॅडोवाचक: लॉक आणि रिकामा पासवर्ड यांची गल्लत मात्र करू नका. लिनक्समध्ये पासवर्ड जिथे साठवतात त्या शॅडो फाइलमध्ये हॅशच्या (पासवर्डाच्या उलट न फिरवता येणाऱ्या रूपाच्या) जागी उद्गारचिन्ह किंवा तारा असेल तर कुठलाच पासवर्ड जुळत नाही. ती जागा रिकामी असेल तर दार सताड उघडं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये (कंटेनर चालवायच्या तयार प्रतीत) रूटची ती जागा रिकामीच राहिली होती, हे २०१९ मध्ये उघड झालं. दुसरं म्हणजे, पासवर्ड लॉक केला म्हणून खातं बंद होत नाही. एसएसएच की ठेवलेली असेल तर बहुतेक ठिकाणी लॉगिन चालू राहतं. खातं खरंच बंद करायचं तर त्याची मुदत संपवावी लागते. माझं मत लॉकच्या बाजूने. युजर पहिल्या बूटला, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू होताना, तयार करायला लावा.

टर्मिनलप्रेमी: स्क्रीन-कीबोर्ड नसलेल्या बोर्डवर पहिल्या बूटला विचारणार कोणाला?

शॅडोवाचक: मेमरी कार्डावर इमेज लिहितानाच विचारायचं. पायच्या इमेजरमध्ये, म्हणजे कार्ड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, युजर आणि पासवर्डाचा हॅश आधीच घालता येतो.

टर्मिनलप्रेमी: हे मान्य. पण इमर्जन्सी मोडचं काय, ते अजून कोणीच सांगितलं नाही.