४० हजारांत पहिला सीएनसी राउटर: मोठा बेड की ताठ सांगाडा?

कोकणी_रंधा
पहिला सीएनसी राउटर घ्यायचाय, म्हणजे संगणकातल्या फाइलप्रमाणे फिरता बिट (कापणारं पातं) चालवून लाकूड कोरणारं यंत्र. बजेट ४० हजार, सगळं धरून. करायच्या आहेत घरांच्या नावपाट्या, देव्हाऱ्यासाठी नक्षीचे तुकडे आणि पुढेमागे लाकडी खेळण्यांचे भाग. या पैशांत दोन तऱ्हेची यंत्रं दिसतात. एक ३०१८, म्हणजे ३०० बाय १८० मिमीत काम करणारं. दुसरं ४०० बाय ४०० किंवा त्याहून मोठ्या बेडचं (बेड म्हणजे लाकूड बसवायचा पाट).

माझं मत ठाम आहे: पहिलं यंत्र लहान घ्यावं आणि पैसे ताठपणासाठी मोजावेत. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) ज्यावर सरकतो तो दोन्ही टोकांना धरलेला गोल दांडा किती वाकतो, हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच बळाने तो आठपट वाकतो. उलट व्यास वाढवला की ताठपणा चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १० ऐवजी १२ मिमीचा दांडा दुपटीहून ताठ. स्वस्तात बेड मोठा करायचा तर लांबी वाढते आणि दांडा तोच राहतो. सगळीच यंत्रं अशी नसतात, पण जाहिरातीत दांड्याचा व्यास किंवा रेलचा (दांड्याऐवजी लावलेल्या सरकपट्टीचा) प्रकार लिहिला नसेल तर मी ते यंत्र यादीतून काढतो.

शिवाय सगळे ४० हजार यंत्रावर घालवणार नाही. बिट्स, क्लॅम्प, मास्क, भुसा ओढायला व्हॅक्यूम आणि वाया जाणारं लाकूड यांसाठी किमान १२ हजार बाजूला ठेवणार. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे मास्क आणि व्हॅक्यूम नंतर बघू असं म्हणता येत नाही.

अक्षरपाटी
दादा, हिशोब बरोबर आहे, पण पाट्या करणाऱ्याचा नाही. दारावरची पाटी १८ इंची मागतात, म्हणजे साधारण ४५७ मिमी. ३०० मिमीत ती बसत नाही. मग लाकूड सरकवून दोन टप्प्यांत कोरायचं. इंग्रजी नाव असेल तर सांधा दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत लपतो. आपल्या नावावर शिरोरेघ आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. त्यात अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडली तरी दारात उभ्या माणसाला दिसते.

आणि अक्षरं कोरायला फार जोर लागतोच असं नाही. ६ मिमी रुंदीची रेघ ९० अंशाच्या व्ही बिटने (टोकदार, व्ही आकाराच्या बिटने) ३ मिमी खोल जाते. तीच ६० अंशाच्या बिटने कोरली तर ५ मिमीच्या पुढे जाते. बिट बदला, खोली कमी होते, यंत्रावरचा ताण कमी होतो. मी मोठ्या बेडच्याच बाजूने.

टूलरूम_चाकण
९० अंशाच्या बिटबद्दल सहमत. पण ३ मिमी खोल व्ही सागवानात कोरणं हे हलकं काम नाही. सागवानात सिलिका असते, ती बिटची धार लवकर खाते आणि बोथट बिटला जोर जास्त लागतो.

आकडे मांडतो. स्पिंडलचे मिनिटाला १०,००० फेरे, दोन धारांचा बिट, प्रत्येक धारेने ०.०५ मिमी जाडीची चिप (लाकडाची ढलपी) काढावी असं धरलं तर फीड (बिट पुढे सरकायचा वेग) होतो मिनिटाला १००० मिमी. लवचीक यंत्राला हा वेग झेपत नाही, म्हणून लोक ३०० वर आणतात. मग चिप ०.०१५ मिमी उरते. एवढ्या पातळ चिपला धार कापत नाही, घासते. बिट तापतो, लाकूड काळं पडतं आणि आपण म्हणतो लाकूड खराब होतं. यावर साधा उपाय एका धारेचा बिट. त्याच फीडला चिप दुप्पट जाड मिळते.

शिरोरेघेचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यासाठी बेडवरच्या फळीत यंत्रानेच ठरावीक अंतरावर भोकं पाडा आणि लाकडाच्या फुकट जाणाऱ्या कडेत तशीच भोकं पाडून डॉवेलवर (गोल खुंट्यांवर) बसवा. लाकूड नेमकं त्या अंतराने पुढे सरकतं. हाताने गुण्या लावून सरकवलं तर पायरी येणारच.

जुनाप्लाय
तयार घेताच कशाला? एमपीसीएनसीसारखं (इंटरनेटवर मिळणारा, घरी जोडायच्या सीएनसीचा आराखडा) स्वतः जोडा. जोडाचे भाग थ्रीडी प्रिंट करायचे, सांगाडा रेलिंगवाल्याकडच्या एक इंची स्टेनलेस पाइपचा, २५.४ मिमी व्यासाचा. स्पिंडलच्या जागी साधा ट्रिम राउटर (सुतारांचं हातात धरायचं कड कापायचं यंत्र). एकेक वस्तू जमेल तशी घेता येते.

टूलरूम_चाकण
प्रिंटर घरात असेल तर चांगला मार्ग आहे. नसेल तर प्रिंटिंगचे पैसे धरून पुन्हा बेरीज करा. आणि पहिल्यांदाच शिकणाऱ्याला रेघ वाकडी आली की दोष जोडणीचा, सेटिंगचा की फाइलचा, हे कळायला फार वेळ जातो.

वर्कशॉपवाली
मी सगळ्यांच्याच विरुद्ध बोलते. वर्षभर यंत्र घेऊच नका. या कामात अर्ध्याहून जास्त वेळ फाइलवर जातो आणि ते शिकायला यंत्र लागत नाही. इंकस्केप या आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून त्याचा पाथ (बाह्यरेषा) केला की बऱ्याच फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. युनियन न करता (सगळी अक्षरं एका आकारात न जोडता) पुढे पाठवलं तर बिट त्या आतल्या रेषांवरूनही फिरतो आणि शिरोरेघेत उभे चरे पडतात. हे ४० हजारांचं यंत्र सुधारत नाही.

फाइल तयार झाली की जॉबवर्कवाल्याकडून (पैसे घेऊन कापून देणाऱ्याकडून) कापून घ्या किंवा फॅब लॅबमध्ये (लोकांना यंत्रं वापरू देणाऱ्या कार्यशाळेत) चौकशी करा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली. आपल्याकडे ही सोय नवी नाही.

कोकणी_रंधा
ताई, युनियनचं लिहून घेतलं, आभार. पण माझ्या गावापासून पाबळ म्हणजे दिवसाचा प्रवास. आणि जॉबवर्कवाला पूर्ण शीट मागतो, एका पाटीसाठी मशीन लावत नाही. त्याचंही चूक नाही, सेटिंगला त्याचा वेळ जातो. पण शेजारी उभं राहून बिटचा आवाज ऐकल्याशिवाय फीड कसा समजणार?

आमच्याकडची खरी अडचण कोणी बोललं नाही: पावसाळ्यात वीज जाते. काम अर्ध्यावर थांबलं की यंत्र स्वतःची जागा विसरतं. जीआरबीएल या नियंत्रक सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्रात कामाचा शून्यबिंदू जी५४ या नोंदीत साठवलेला राहतो, पण लिमिट स्विच (टोकाला पोचल्याचं कळवणारे स्विच) लावून होमिंग (यंत्राने स्वतः मूळ कोपरा शोधणं) करता येत असेल तरच तो पुन्हा नेमका सापडतो. नाहीतर डोळ्याने अंदाज, म्हणजे पुन्हा ती पायरी. म्हणून लिमिट स्विच नसलेलं यंत्र मोठं असो वा लहान, मी घेणार नाही.

अक्षरपाटी
लिमिट स्विच हवेतच, त्यावर वाद नाही. डॉवेलचं मात्र मला पटलं नाही. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, भोक घट्ट होतं, आणि दहा पाट्यांची ऑर्डर असेल तर प्रत्येक पाटी दोनदा लावण्यात दुपार जाते. ४०० बाय ४०० च्या बेडवर १८ इंची पाटी तिरपी लावली तर एका दमात होते, कारण कर्ण ५६५ मिमीचा आहे. तुमच्या २८ हजारांत दांड्याऐवजी लिनियर रेल असलेलं एखादं मिळालं तर तेच बघा.

टूलरूम_चाकण
पाटीची रुंदी धरून तो कर्ण पुन्हा मोजा. ६ इंच रुंद पाटीचे कोपरे बेडबाहेर जातील, अक्षरं तेवढी आत बसतील. म्हणजे कडा वेगळी कापावी लागेल. रेलचा सल्ला योग्य. यंत्र प्रत्यक्ष बघायला मिळालं तर स्पिंडलचं फिरणं बंद आणि यंत्र सरकवणाऱ्या मोटरना वीज चालू ठेवून स्पिंडल बोटाने बाजूला ढकला आणि डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल मोजायच्या मापकावर) काटा किती हलतो ते इथे लिहा.