कोरा कागद म्हणजेच बर्फ

‘कासा जिझो’ या जपानी चित्रपुस्तकाच्या चित्रांत इतका कागद कोरा का सोडलाय, असं कुणी विचारेल. अहो, तोच तर बर्फ! गरीब म्हातारा न खपलेल्या गवती टोप्या बर्फात उभ्या दगडी जिझोंच्या (जिझो म्हणजे रक्षणकर्ता बौद्ध देव) मूर्तींच्या डोक्यांवर घालतो, अशी ही जपानी लोककथा. चित्रकार सुएकिची आकाबांनी ती १९६१ मध्ये काळ्या शाईने चितारली. त्यांचं हे आयुष्यातलं पहिलंच चित्रपुस्तक, तेही पन्नाशी गाठल्यावर! मांचुरियाच्या (चीनचा ईशान्य भाग) कोरड्या हवेत बरीच वर्षं काढून परतलेल्या या माणसाला मायदेशातल्या ओलसर, जड बर्फाचीच ओढ होती. म्हणून शाईच्या कडा अशा पाणावलेल्या. रंग भरले असते तर सगळा ओलावाच गेला असता. बालसाहित्यासाठीचं १९८० चं आंतरराष्ट्रीय हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक त्यांना मिळालं, अगदी योग्यच. मूळ चित्रं जपानच्या चिहिरो कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.