ॲरे ‘संदर्भाने’ जात नाही
सी या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनला ‘साधी चले मूल्याने (म्हणजे प्रत देऊन) आणि ॲरे (एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग यादी) संदर्भाने (म्हणजे मूळच हाती देऊन) पाठवले जातात’ हे विधान मुंबईतल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्रास आढळते, पण ते काटेकोर नाही; सीमध्ये सर्वच आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेल्या गोष्टी) मूल्याने जातात, फक्त ॲरेच्या बाबतीत ते मूल्य म्हणजे पहिल्या घटकाचा मेमरीतला पत्ता असतो. दादरच्या एका क्लासमध्ये शिकवताना मी स्वतःच यात फसलो होतो: दहा पूर्णांकांच्या ॲरेचा साइझऑफ (बाइटमधला आकार) मेन या मुख्य फंक्शनमध्ये ४० आला, ॲरे पाठवलेल्या फंक्शनमध्ये मात्र ८, कारण तिथे ६४-बिट पॉइंटर (पत्ता साठवणारे चल) मोजला जात होता, आणि त्या आकाराला एका पूर्णांकाच्या ४ बाइटांनी भागून बेतलेले लूप दोनच घटकांवर थांबले. गंमत अशी की तोच ॲरे स्ट्रक्चरमध्ये (अनेक चले एकत्र बांधणाऱ्या प्रकारात) ठेवून पाठवला, तर त्याची पूर्ण प्रत जाते आणि फंक्शनमधले बदल मूळ ॲरेपर्यंत पोहोचत नाहीत.