डिप्रेशनची गोळी आणि वजन: घेतली असेल तर अनुभव लिहा

रानजाई:
ब्युप्रोपिऑन ही मुळात नैराश्यावरची गोळी. तिने खाण्याची ओढ कमी होते असं दिसल्यावर, दारू-अफूचं व्यसन सोडवायला देतात त्या नाल्ट्रेक्झोनशी तिची जोडी जमवली गेली. अमेरिकेत २०१४ साली या जोडगोळीला लठ्ठपणासाठी मंजुरी मिळाली. तिकडे तिला काँट्रेव्ह म्हणतात. घेतलेल्यांनी, थांबवलेल्यांनी, डॉक्टरांनी नाकारलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. लठ्ठ माणसाने औषध मागितलं की त्याला आळशी ठरवणारे सल्ले मात्र इथे नकोत. ते आम्ही आयुष्यभर ऐकलेत.

मंजिरी, न्यू जर्सी:
मी घेते. आधी सकाळी एकच गोळी, मग दर आठवड्याला एक वाढवत सकाळी दोन, संध्याकाळी दोन. वाढवताना मळमळ एवढी की फोडणीचा वास सोसवेना. ती हळूहळू गेली. खरा फरक ऑफिसातून आल्यावर कळला. पोट भरलेलं असलं तरी चिवड्याचा डबा उघडायचाच, ही माझी जुनी सवय. आता डबा समोर असतो, हात जात नाही. जेवणाच्या वेळी भूक मात्र लागते. पूर्ण डोसवर बारा आठवडे होऊनही ५ टक्के वजन उतरलं नाही तर बंद करायची, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझं उतरलं. तेलकट-तुपकट जेवणाबरोबर गोळी घ्यायची नाही, औषध रक्तात जास्त चढतं. सणावारी हे सांभाळावं लागतं.

रानजाई:
मंजिरीताई, आभार. या जोडगोळीच्या मोठ्या चाचणीत ५६ आठवड्यांनी सरासरी ६.१ टक्के वजन उतरलं होतं, प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर, १.३ टक्के. शंभर किलोच्या माणसाचे सहा किलो. साखर आणि गुडघ्यांसाठी हे थोडं नाही. लग्नाआधी वीस किलो उतरवायचे असतील त्यांनी मात्र या गोळीकडून ती आशा धरू नये.

अभय, नाशिक:
मला नैराश्यासाठीच नुसतं ब्युप्रोपिऑन दिलं. आधीच्या मिर्टाझापिन या नैराश्याच्याच गोळीने वजन भराभर वाढलं होतं, ते वाढायचं थांबलं. उतरलं थोडंच. झोप उडाली म्हणून दुसरा डोस दुपारीच घ्यायला सांगितला. मन सावरलं, माझ्यासाठी तेच मोठं.

गौरी:
आईला नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन चालू होतं. पहिले काही महिने वजन घटलं, पुढे सगळं परत आलं. मन शांत राहतंय म्हणून डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली.

निनावी:
कॉलेजात असताना मी भरपूर खाऊन मुद्दाम ओकत असे. घरी अजून कुणाला माहीत नाही. वजनासाठी गेले तेव्हा डॉक्टरांनी हे विचारलंच नाही. चिठ्ठी लिहून झाल्यावर मी आपणहून बोलले. त्यांनी ती चिठ्ठी फाडली आणि मला नीट बसवून समजावलं, की हा आजार असलेल्यांना ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका जास्त. १९८६ मध्ये फिट्समुळेच हे अमेरिकेत बाजारातून काढलं होतं, १९८९ मध्ये डोसची मर्यादा कमी करून परत आणलं. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर लाज बाजूला ठेवून सांगा. विचारायची वाट बघू नका.

शिल्पा, रत्नागिरी:
माझ्या मावशीने वजन उतरवायला सिब्युट्रामिन घेतलं होतं. तेही आधी नैराश्यासाठीच शोधलेलं. तिचं बीपी आणि नाडी वाढत गेली. २०११ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. म्हणून ब्युप्रोपिऑन घेणाऱ्यांनीही बीपी मोजत राहा, तेही ते वाढवू शकतं.

दीपक:
वजनामुळे गुडघे गेलेत. दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेतो. बहीण अमेरिकेहून काँट्रेव्ह आणणार आहे, सुरू करू का?

रानजाई:
दीपकदादा, नको. ट्रामाडॉल अफूच्या जातीचं आहे, नाल्ट्रेक्झोन त्याचा असर अडवतं. शिवाय ट्रामाडॉल आणि ब्युप्रोपिऑन दोन्हींनी फिटचा धोका वाढतो. ट्रामाडॉलही मनाने एकदम सोडू नका. आधी डॉक्टरांना दोन्ही नावं सांगा आणि ते काय म्हणाले ते इथे लिहा.