‘देखरेख’ म्हणजे सांभाळ की पहारा?

रामबागवाली: इंदूरच्या स्थानकावर सापडलेल्या एका मुलाला खानदेशातल्या त्याच्या आजीकडे पाठवायचे बाल कल्याण समितीने ठरवले असून, त्या हिंदी आदेशाचा मराठी मजकूर मला करून द्यायचा आहे. (मुलाचे नाव-गाव विचारू नये, ओळख उघड करण्यास २०१५च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ची मनाई आहे.) ‘देखरेख एवं संरक्षण का जरूरतमंद बालक’ याचे मी ‘देखरेख व संरक्षणाची गरज असलेला बालक’ असे केले आणि आजींना फोनवर वाचून दाखवले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “पहारा ठेवायचा का त्याच्यावर? चोरलं तरी काय त्यानं?” आता येथे कोणता शब्द घालावा?

पुणेरी सून: मराठीत देखरेख मुकादम करतो, आई नव्हे. २०१५च्या अधिनियमाच्या मराठी नावातसुद्धा ‘मुलांची काळजी व संरक्षण’ असेच आहे. हिंदी शब्द जसाच्या तसा उचलला की असेच व्हायचे.

लोकमान्यनगरकर: सूनबाई, आमच्या इंदुरी घरात ‘आजोबांची देखरेख धाकट्या काकूने केली’ असेच म्हणतात, आणि त्या काकूने त्यांना सहा वर्षे भरवले, पुसले, रात्री उठून कूस बदलून दिली. हे मराठी नव्हे, असे पुण्यात बसून कोणी ठरवायचे? शिवाय ‘काळजी’ तरी कुठे एकार्थी आहे? तो शब्द काळजातूनच आलेला असल्यामुळे तो ऐकून आजी अधिकच घाबरतील.

पुणेरी सून: ही व्युत्पत्ती कानाला गोड लागते, एवढाच तिचा पुरावा दिसतो.

वकीलकाका: शब्दाआधी आजींना हे सांगा की समितीपुढे आलेला हा मुलगा आरोपी नाही; गुन्ह्याचा आरोप असता तर त्याला बाल न्याय मंडळापुढे नेले असते, जिथे एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. १९८६च्या कायद्यात असा निराधार मुलगा ‘उपेक्षित’ आणि गुन्ह्यात सापडलेला ‘अपचारी’ होता; २०००च्या कायद्याने ती नावे टाकली, आणि २०१५च्या कायद्याचे कलम ३ तर मुलाच्या प्रकरणात दोषारोपाचे शब्दच वापरू नयेत असे सांगते. तरीही कागदावर शब्द येतात ते निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना मुलाला ठेवायचे ठिकाण), त्याचेच आपल्याकडचे नाव संप्रेक्षण गृह आणि परिवीक्षा (प्रोबेशन), म्हणजे सगळीकडे ‘ईक्ष्’, पाहणे. जुन्या ‘उपेक्षित’मध्येही तोच धातू आहे, फक्त तिथे पाहूनही न पाहिल्यासारखे केलेले असते.

लोकमान्यनगरकर: आणि महाराष्ट्रातला ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे कायद्याशी संघर्षात सापडलेला मुलगा? आमच्या शेजारच्या मावशींना वाटले की मुलाने मुंजीत गोंधळ घातला.

पुणेरी सून: ‘ग्रस्त’ मात्र मला आवडतो. पूरग्रस्ताला कोणी पुराबद्दल जाब विचारत नाही.

वकीलकाका: पण पूर ओसरतो, तारखा ओसरत नाहीत.

रामबागवाली: मजकूर उद्या सकाळी द्यायचा आहे. आजी स्वतःच म्हणाल्या, “मी सांभाळीन त्याला,” म्हणून ‘सांभाळ व संरक्षण’ असे लिहू का?

पुणेरी सून: अधिनियमात नसलेला शब्द आदेशात कसा चालेल?

लोकमान्यनगरकर: आजी अधिनियम वाचणार आहेत की पत्र?

वकीलकाका: ते ठरेपर्यंत एक शंका: ‘विधी’ एकटा असताना दीर्घ आणि ‘विधिसंघर्षग्रस्त’मध्ये ऱ्हस्व, हे शुद्धलेखन टंकलेखकाला कोणी शिकवले आहे का?